कोष्टक, आलेख आणि आज्ञा

हल्ली वर्तमानपत्र उघडावे तो आलेखावाचून पान सापडत नाही. पावसाचे मान, सोन्याचा भाव, रोग्यांची संख्या, परीक्षांचे निकाल, जे जे मोजता येते त्याची चढती-उतरती रेघ वाचकांपुढे मांडली जाते. आणि वाचकही ती क्षणभर पाहून आपले मत बनवून मोकळे होतात. आकड्यांचे कोष्टक वाचावयास धीर लागतो. आलेख पाहावयास डोळे पुरतात. ज्या गोष्टीस इतके थोडे श्रम पडतात तिच्यावर विश्वासही लवकर बसतो, आणि म्हणूनच आलेख कोणी काढला, कोणत्या आकड्यांवरून काढला व कोणत्या रीतीने काढला, हे विचारण्याची सवय आमच्या सुशिक्षित वर्गासही अद्याप लागलेली नाही. ही सवय का हवी हे उपदेशाने सांगण्यापेक्षा इतिहासाने सांगणे बरे, असे आम्हांस वाटते. त्या इतिहासाची काही मोलाची पाने खुद्द आमच्या पुण्यातच लिहिली गेली आहेत.

आमच्या जुन्या ज्योतिष्यांची भिस्त आलेखावर नव्हती. ती कोष्टक आणि आज्ञा या दोहोंवर होती. ज्योतिषातील करणग्रंथ म्हणजे वस्तुतः आज्ञांचाच संग्रह होय. अमुक संख्या घ्यावी, तमुकाने गुणावी, इतक्याने भागावी, बाकी ठेवावी, म्हणजे ग्रहाचे स्थान हाती येते. कोकणात नांदगाव येथे राहणाऱ्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०, हे आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ रचले. ज्या व चाप यांचा सारा खटाटोप टाळून साध्या गुणाकार-भागाकारांनी गणित उरकण्याची युक्ती त्यांनी त्यात साधली, आणि पुढे शतकानुशतके महाराष्ट्रातील जोशी त्याच आज्ञांवर पंचांगे करीत आले. परंतु आज्ञा कितीही चोख पाळली तरी काळ लोटला की पंचांग व आकाश यांत अंतर पडू लागते. हे अंतर कोष्टकाच्या पोटात दडलेले असते. ग्रहणाची वेळ टळून जाते आणि चंद्र स्वच्छ दिसत राहतो, तेव्हाच ते लोकांच्या ध्यानात येते. गणिताचे उत्तर डोळ्यांस पटले पाहिजे, या कसोटीस आमच्या ज्योतिष्यांनी ‘दृक्प्रत्यय’ असा फार अर्थपूर्ण शब्द योजिला आहे. प्रस्तुत लेखाचा सारा विषय या एका शब्दात आला आहे, असे म्हटले तरी चालेल.

दृक्प्रत्ययाचा आग्रह एकोणिसाव्या शतकात ज्यांनी धरिला, त्यांत केरो लक्ष्मण उर्फ केरूनाना छत्रे यांचे नाव अग्रगण्य आहे. तरुणपणी ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम करीत. ही वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली होती. पुढे पुण्यास अध्यापक म्हणून त्यांनी गणित व सृष्टिशास्त्र शिकविले; डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. १८६० साली त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झाली. पाश्चात्य सारण्यांच्या आधारे ग्रहांची स्थाने काढण्याची सोय त्यांनी मराठीत प्रथमच इतक्या विस्ताराने करून दिली, आणि १८६५ पासून या नव्या गणितावर त्यांचे पंचांग निघू लागले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. या ग्रंथाचे मोल दुहेरी आहे. त्यात आकडे आहेत आणि आकड्यांचा उपयोग कसा करावा ही रीतही आहे. ज्यास संशय असेल त्याने स्वतः गणित करावे आणि रात्री आकाशाकडे पाहावे. उणीव म्हणावी तर एवढीच, की हा पडताळा घेण्यास गणित यावे लागे. सामान्य वाचकास ते आकड्यांचे रान होते.

आकड्यांच्या रानातून वाट काढणारी रेषा युरोपात तोवर रुळली होती. संख्या आणि रेषा यांची सोयरीक देकार्तने १६३७ साली लावून दिली. विल्यम प्लेफेअरने १७८६ साली इंग्लंडच्या आयात-निर्यातीची रेषा काढून ती व्यापाराच्या कामी आणली. आमच्याकडे ही रेषा प्रथम मोठ्या प्रमाणावर काढली ती माणसाने नव्हे, तर यंत्राने. केरूनाना होते त्या काळी कुलाब्यास निरीक्षक ठराविक वेळी उपकरणावरचे आकडे वाचून वहीत टिपत. पुढे १८७०च्या दशकात तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वातील फेरफार टिपणारी अशी यंत्रे आली, की त्यांतील लोहचुंबकाच्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण छायाचित्राच्या कागदावर अहोरात्र रेषा ओढीत राही. येथेच एक बोधप्रद प्रसंग घडला. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरले, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस आणि त्यांचे सहकारी यांस चिंता पडली. कारण रुळांतून वाहणाऱ्या विजेने लोहचुंबक हलणार, आणि यंत्र मात्र त्या हालचालीची नोंद पृथ्वीचीच हालचाल म्हणून इमानेइतबारे करीत राहणार. सबब अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभारून १९०४ पासून तेथे निरीक्षणे सुरू झाली, आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणच्या नोंदी ताडून पाहिल्यावर कुलाब्याचे ते काम बंद झाले. रेषा खोटे बोलत नाही हे खरे. पण ती कशाविषयी बोलते आहे हे तिला स्वतःला ठाऊक नसते. ट्राम आणि भूगोल यांतील भेद जाणणारा माणूस कागदाच्या बाहेर असावा लागतो.

आता पुण्याकडे वळू. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आमच्या वाचकांस इतिहासकार म्हणून परिचित असेलच. परंतु त्यांचा व्यवसाय गणिताच्या अध्यापकाचा होता. १९३०च्या दशकाच्या आरंभी ते फर्ग्युसन कॉलेजात आले आणि सुमारे एक तप तेथे राहिले. या काळात त्यांनी दोन कामे अशी केली, की बिंदू आणि रेषा यांचा विवेक कसा असावा याचे धडे त्यांतून घ्यावेत.

पहिले काम प्राचीन नाण्यांचे. चांदीच्या आहत नाण्यांवर ना राजाचे नाव, ना वर्ष. एका बाजूस पाच ठसे असतात आणि उलट बाजूस लहान लहान खुणा असतात, कोणावर एक, कोणावर अनेक, कोणावर मुळीच नाही. विद्वानांनी ठशांच्या अर्थाविषयी पुष्कळ तर्क लढविले होते. कोसंबींनी तर्क बाजूस ठेवून तराजू हाती घेतला. त्यांचे म्हणणे असे, की नाणे हातोहात फिरते तसे झिजते, आणि उलट बाजूच्या खुणा नाणे पारखणाऱ्यांनी वेळोवेळी केलेल्या असाव्यात. असे असेल तर जितक्या खुणा अधिक तितके वजन कमी भरले पाहिजे. तक्षशिलेच्या साठ्यातील नाणी या दृष्टीने तपासली तेव्हा खुणांच्या संख्येबरोबर सरासरी वजन पायरीपायरीने उतरत जाते असे दिसून आले, आणि त्या उतरत्या बिंदूंतून एक सरळ रेषा काढता आली. ज्या नाण्यांवर एक अक्षरही नाही त्यांचा कालक्रम लावण्याचे साधन त्या रेषेने दिले. १९४१ साली हे संशोधन सविस्तर प्रसिद्ध झाले. त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही तोलून पाहिली, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. प्राचीन नाण्यांविषयी जो नियम सांगावयाचा तो खिशातल्या नाण्यांसही लागू पडतो की नाही, हा त्यांचा दृक्प्रत्यय होता.

दुसरे काम अगदी निराळ्या क्षेत्रातले. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या पेशींत आनुवंशिक गुणांची बीजे एका सुतावर ओवल्यासारखी असतात. दोन बीजे जवळ असली तर ती पुढच्या पिढीत बहुधा एकत्र उतरतात, दूर असली तर त्यांची ताटातूट अधिक वेळा होते. या ताटातुटीचे प्रमाण मोजता येते. अंतर मात्र प्रत्यक्ष मोजता येत नाही, ते प्रमाणावरून काढावे लागते. अल्प अंतरावर दोहोंचा आलेख सरळ चढतो. पुढे तो वाकतो आणि निम्म्याच्या मर्यादेपाशी आडवा होतो, कारण कितीही दूर असली तरी बीजांची ताटातूट निम्म्याहून अधिक वेळा होत नाही. हे वाकणे कसे असावे याचे एक सूत्र हॅल्डेन यांनी १९१९ साली दिले होते. एके ठिकाणी ताटातूट झाली की तिच्या शेजारी दुसरी होण्यास अडथळा येतो, ही गोष्ट मात्र त्यात धरलेली नव्हती. ती धरून कोसंबींनी १९४४ साली चार पानांच्या एका निबंधात दुसरे सूत्र मांडले. ज्या अंतरावर हॅल्डेनच्या सूत्राने ताटातुटीचे प्रमाण शेकडा ३१.६ येते, तेथे कोसंबींच्या सूत्राने ते ३८.१ येते. जगभरचे आनुवंशशास्त्रज्ञ पिकांचे नकाशे करताना आजही ‘कोसंबी फलन’ या नावाने ते वापरतात. पुण्यातील एका गणिताच्या अध्यापकाचे नाव एका वक्ररेषेस मिळाले आहे, हे आमच्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

कोसंबी फर्ग्युसन कॉलेजात होते त्याच काळात त्यांच्यापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, शिवाजीनगरात, रेषांचा दुसरा मोठा कारखाना चालू होता. हवामान खात्याची मुख्य कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आली. म्हणूनच ती इमारत व तो चौक यांस पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. देशभरातून सांकेतिक तारा येत, त्यांतील आकडे नकाशावर आपापल्या गावी मांडले जात आणि समान वायुभाराची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा पेन्सिलीने काढल्या जात. मुख्य कचेरी पुढे दिल्लीस गेली, तरी पुण्याचे महत्त्व कमी झाले नाही. १९६२ साली येथे उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था निघाली, आणि १८७१ पासूनच्या मोसमी पावसाची एकसंध आकडेमाला तिच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केली. त्या मालेचा आलेख पाहणाऱ्या मराठी माणसाचा जीव ठिकठिकाणी अडखळतो. १८७७, १८९९, १९१८, १९७२ या वर्षी रेषा एकदम खाली कोसळते. ते केवळ बिंदू नव्हेत. त्या प्रत्येक बिंदूखाली ओस पडलेली गावे आणि दावणीला मेलेली गुरे आहेत.

अशा आलेखाकडे पाहून पुढच्या वर्षाचा बिंदू कोठे पडेल हे आधी सांगता यावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जगाच्या निरनिराळ्या भागांतील हवामानाशी आमच्या पावसाचा संबंध आकडेमोडीने लावण्याचा भगीरथ प्रयत्न केला. त्याच परंपरेत १९८८ साली, वसंतराव गोवारीकर यांच्या पुढाकाराने, सोळा घटकांचे एक सूत्र तयार झाले. गेल्या अनेक वर्षांच्या पावसाशी ते चांगले जुळत होते आणि पुढेही काही वर्षे त्याचे निकाल समाधानकारक मानले गेले. २००२ साली मात्र सरासरीच्या १०१ टक्के पाऊस पडेल असा अंदाज असता प्रत्यक्षात तो ८१ टक्केच झाला. ऐन जुलै महिन्यात पावसाने दडी मारली. खात्याने पुढच्याच वर्षी ते सूत्र बाजूस ठेवून नवी सूत्रे घेतली, हा त्याचा शास्त्रीय प्रामाणिकपणा होय. यात कोणाची चेष्टा करावयाची नाही. होऊन गेलेल्या बिंदूंतून सुरेख रेषा ओढता येते. पण पुढचा बिंदू त्या रेषेस बांधलेला नसतो. पेरणी करून बसलेल्या शेतकऱ्यास या एका वाक्याची किंमत फार मोठी पडते.

येथवर रेषा काढणारे हात माणसाचे तरी होते, किंवा डोळ्यांसमोर दिसणाऱ्या यंत्राचे तरी. संगणक आल्यावर हे बदलले. १९८६ साली अमेरिकेत टॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली या दोन विद्यार्थ्यांनी आलेख काढणारी एक आज्ञावली लिहिली. एक जण भैदिक समीकरणे शिकत होता, दुसरा विद्युच्चुंबकत्व. समीकरणांची चित्रे दिसली तर विषय कळेल, एवढाच त्यांचा हेतू. नावाविषयी दोघांत मतभेद झाला आणि तडजोड म्हणून ‘ग्नूप्लॉट’ हे नाव ठरले. ग्नू नावाच्या प्रसिद्ध चळवळीशी त्याचा संबंध नाही. आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांस खुला ठेवला गेला, तिला जगभरच्या लोकांनी हात लावला, आणि आज जवळजवळ चाळीस वर्षांनीही ती वापरात आहे. आमच्या महाविद्यालयांतही भौतिकीचे विद्यार्थी तिच्याशी परिचित असतात.

तिची खोड अशी, की ती चित्रे निवडावयास देत नाही; शब्द मागते. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावयाची: काढावयाच्या फलनाचे नाव, त्याची मर्यादा, अक्षांची मापे. आकड्यांची फाइल असेल तर तिचे नाव आणि कोणता रकाना कोणत्या अक्षावर घ्यावयाचा ते. बिंदूंस जुळणारी रेषा हवी असेल तर तिचे रूप आधी आपणच सांगावयाचे. मग त्यातील स्थिर संख्या ती शोधून देते. नवख्यास हा प्रकार रुक्ष वाटतो. पण आम्हांस येथे जुन्या ओळखीचे काही सापडले. ही तर करणग्रंथांचीच परंपरा! अमुक घ्यावे, तमुक करावे. फरक इतकाच, की त्या आज्ञा माणूस पाळीत असे, या आज्ञा यंत्र पाळते.

ही ओळख पक्की करावी म्हणून आम्ही एक प्रयोग केला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५० च्या ग्रंथात, वर्तुळाच्या चापावरून त्याची जीवा काढण्याची एक सोपी रीत आहे. परिघातून चाप वजा करावा, बाकीस चापाने गुणावे; हा ‘प्रथम’. प्रथमास व्यासाच्या चौपटीने गुणावे आणि परिघाच्या वर्गाच्या सव्वापटीतून प्रथम वजा करून जी संख्या राहील तिने भागावे. २४० व्यासाच्या वर्तुळात परिघाच्या अठराव्या भागापासून निम्म्या परिघापर्यंत नऊ जीवा ४२, ८२, १२० अशा क्रमाने २४० पर्यंत आचार्यांनीच दिल्या आहेत. आचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, हे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चाळीसगावाजवळ पाटण येथे मठ स्थापिला होता आणि तसा शिलालेख तेथे आहे. ही रीत आणि आजच्या त्रिकोणमितीची नेमकी ज्या, या दोहोंचे वक्र काढण्याची आज्ञा आम्ही एका ओळीत दिली. पडद्यावर एकच रेषा दिसली! दुसरी तिच्याखाली तंतोतंत झाकली गेली होती. मग दोहोंतील अंतराचाच आलेख काढावयास सांगितले. तेव्हा प्रथम एक टेकडी, परिघाच्या सहाव्या भागापाशी बरोबर शून्य, आणि पुढे एक दरी असे सुंदर चित्र उमटले. परंतु त्या टेकडीने सारा पडदा व्यापला होता, कारण आज्ञावलीने आकड्यांप्रमाणे अक्षाचे माप आपोआप ताणले होते. मापाकडे न पाहणाऱ्यास वाटावे, की भास्कराचार्यांनी घोडचूक केली. वस्तुतः व्यास एक हजार धरला तर चूक कोठेही पावणेदोहोंपर्यंतही जात नाही. जो आलेख चूक उघडी करतो, तोच तिचा डोंगरही करतो.

दुसरा प्रसंग याहून बोलका आहे. आम्ही विद्यार्थ्यांस एका ज्याफलनाचा आलेख काढावयास सांगितला होता: ‘प्लॉट साइन(३०*एक्स)’ एवढीच आज्ञा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. एक विद्यार्थी सुरेख चित्र घेऊन आला. उणे दहापासून दहापर्यंत साडेतीन मंद, डौलदार लाटा. आम्ही म्हटले, “बाळ, कागदावर मोजून पाहा.” त्याने गणित केले आणि त्याचा चेहरा उतरला, लाटा असावयास हव्यात पंचाण्णवांहून अधिक. यंत्र बिघडले नव्हते. काही निराळे सांगितले नाही तर ही आज्ञावली दिलेल्या मर्यादेत शंभरच बिंदू घेते आणि ते रेषेने जोडते. लाटा इतक्या जलद, की प्रत्येक नवा बिंदू जवळजवळ पुढच्या लाटेच्या त्याच जागी पडला, आणि त्या बिंदूंतून नसलेली संथ लाट जन्मास आली. बिंदू दोन हजार घ्यावेत अशी आज्ञा देताच खरी दाट लाट प्रकट झाली. कुलाब्याच्या ट्रामचीच ही गोष्ट निराळ्या वेषात आहे: रेषा प्रामाणिक, अर्थ खोटा.

पण या प्रसंगात एक गोष्ट कुलाब्याहून वेगळी घडली, आणि आमच्या मते तीच महत्त्वाची आहे. त्या विद्यार्थ्याने चित्राबरोबर आज्ञेची ओळही आणली होती. म्हणून दोष कोठे आहे ते दोन मिनिटांत सापडले. नुसते चित्र आणले असते, तर आम्हीही कदाचित त्या डौलदार लाटांस शाबासकी दिली असती. संगणकावर बोटाने निवडून काढलेले रंगीत आलेख आज घरोघर होतात. त्यांत कोणते आकडे गाळले, अक्ष कोठून सुरू केला, रेषा कोणत्या रूपाची गृहीत धरली, याचा मागमूस उरत नाही. लिहिलेली आज्ञा हा तो माग होय. तीच ओळ, तेच आकडे दुसऱ्याने घेतले म्हणजे तेच चित्र निघते. आणि पटले नाही तर एक शब्द बदलून दुसरे काढून पाहता येते.

केरूनानांच्या कोष्टकांस जो अधिकार होता तो त्यांच्या विद्वत्तेने आला होता, आणि त्याहूनही त्यांनी रीत उघड करून ठेविली म्हणून आला होता. कोसंबींच्या रेषेवर विश्वास बसला, कारण तराजू आणि नाणी कोणासही घेता येत होती. आलेखाने आम्हांस दृक्प्रत्यय सोपा करून दिला, पण सोपा करताना त्याचा अर्थही पालटला. पूर्वी गणित आकाशाशी ताडून पाहणे म्हणजे दृक्प्रत्यय. आता चित्र दिसले की झाला दृक्प्रत्यय, असे आपण समजू लागलो. हे परतवावयाचे असेल तर उपाय फार मोठा नाही. आमच्या नियतकालिकांनी, महाविद्यालयांनी व सरकारी खात्यांनी प्रत्येक आलेखाखाली त्याचे मूळ आकडे कोठे मिळतील हे आणि तो काढण्याची आज्ञा छापावी. दहांपैकी नऊ वाचक ती वाचणार नाहीत. परंतु केरूनानांची कोष्टके तरी कितीशा लोकांनी स्वतः चालवून पाहिली? ती चालवून पाहता येत होती, आणि तेवढ्यामुळेच बाकीच्यांस त्या पंचांगावर विसंबता आले.